कामाचा कुत्रा : टेरियर आणि ग्रेहाउंड यांचा संकर



उसाच्या वार्तापत्रात कुत्र्यावर लेख कशाला, असे काही जण म्हणतील. पण गेल्या दोन हंगामांत खताच्या आणि तोडणीच्या चौकशीच्या जोडीने एक वेगळाच प्रश्न आमच्यापुढे येऊ लागला आहे. "साहेब, ते इंग्लिश क्रॉस कुत्रं घ्यावं का? टेरियर आणि ग्रेहाउंडचं. उंदीर पण मारतं आणि डुक्कर पण पळवतं म्हणत्यात." कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत दाखवतो, कोणीतरी आठवडी बाजारात पिल्लू आणतो, आणि पाच-दहा हजारांचा व्यवहार उभ्या-उभ्या होऊन जातो. बेणे घेताना आपण बेणेमळा पाहतो, डोळे पाहतो, वय विचारतो, रोगराईची चौकशी करतो. कुत्रे घेताना मात्र नुसते रूप पाहतो.

आमच्याच एका सभासदांची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही, त्यांची तशी इच्छा नाही. वस्ती ओढ्याकाठी, चार एकर आडसाली, गोठ्यात दोन म्हशी, आणि विहिरीवरची केबल एकदा चोरीला गेलेली. त्यांनी असले एक पिल्लू घेतले. दहा महिन्यांत ते मांडीला लागेल एवढे उंच झाले. मोकळ्या रानात सोडले की बाणासारखे सुटे. बघणारा बघतच राही. पण दुसऱ्यांदा केबल गेली त्या रात्री ते बाजेखाली निवांत झोपलेले होते, हूं की चूं केले नाही. पुढे ऐन पावसाळ्यात कशाच्या तरी मागे ते उसात घुसले आणि परत आले ते बरगडीवरचे कातडे फाटून. पशुवैद्यांनी टाके घातले. "फसवलं बघा मला," असे ते सभासद म्हणाले. किमतीत त्यांना कोणी फसवले असेल, नसेल. कुत्र्याने मात्र फसवलेले नाही. ज्या कामासाठी तो संकर माणसाने घडवला ते काम त्यांच्या वस्तीवर नव्हतेच. हे नीट कळावे म्हणून हा संकर मुळात कुठला आणि कशासाठी झाला ते थोडे विस्ताराने सांगतो.

हा संकर इंग्लंड-आयर्लंडकडचा. तिकडे ग्रेहाउंड, किंवा त्याच्यासारखा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा घेऊन, त्याचा दुसऱ्या एखाद्या कामाच्या जातीशी संकर केला की होणाऱ्या कुत्र्याला 'लर्चर' म्हणतात. म्हणजे लर्चर ही काही जात नव्हे. जसे आपण 'संकरित गाय' म्हणतो, पण तेवढ्याने ती जर्सीची की होल्स्टीनची ते कळत नाही, तसेच हे. कोणी ग्रेहाउंडचा संकर कॉली या मेंढपाळ कुत्र्याशी करतात. त्यातून ऐकणारा, समजूतदार कुत्रा मिळतो. कोणी टेरियरशी करतात. त्यातून चिवट, धीट आणि काटेरी झुडपात बेधडक शिरणारा कुत्रा मिळतो. आपल्याकडे विचारणा होते ती या दुसऱ्याची.

टेरियर या नावातच जमीन आहे. 'तेर' म्हणजे जमीन, या फ्रेंच शब्दावरून ते आले. बिळात तोंड घालून, माती उकरून, आतल्या जनावराशी झुंजणारा हा ठेंगणा कुत्रा. नाक तिखट, जिद्द भारी, पण पाय आखूड. ग्रेहाउंड याच्या अगदी उलट. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट. थोड्या अंतरात ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जाणारा. पण त्याचे सारे काम डोळ्यांवर. सावज नजरेआड झाले की त्याचा जोर ओसरतो. वासाने माग काढीत बसण्याची त्याला फारशी आवड नाही. शिवाय अंगावर चरबी नाही, कातडे पातळ, केस आखूड.

आता तिकडचा ससा पाहा. आपला ससा बिळात राहत नाही, उघड्या रानात झुडपाच्या आडोशाला बसतो. तिकडचा 'रॅबिट' मात्र बांधाकडेच्या काटेरी कुंपणाखाली बिळांची वसाहतच करतो, आणि तिन्हीसांजेला बाहेर पडून कडेपासून आत-आत कोवळे पीक खात जातो. चाहूल लागली की काही सेकंदांत बिळात पसार. त्याला धरायचा तर मैलभर पळणारा कुत्रा नको. झुडपात तो कुठे दडला आहे ते नाकाने सांगणारा, काट्यांत शिरायला न बिचकणारा आणि बाहेर पडताक्षणी पंचवीस-तीस पावलांत गाठणारा कुत्रा हवा. तोही अवाक्षर न काढता, कारण एकदा भुंकले की सारी वसाहत जमिनीखाली. टेरियर आणि ग्रेहाउंड यांचा संकर जन्मला तो या गरजेतून.

त्यातही बेडलिंग्टन टेरियर हे नाव पुन्हापुन्हा येते. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंड परगण्यात बेडलिंग्टन हे कोळसा खाणींचे गाव. तिथल्या खाणकामगारांनी उंदरांसाठी आणि सशांसाठी पाळलेली ही जात. दिसायला कोकरासारखी, पाठीला बाक, अंगावर कुरळी लोकर. फसवे रूप आहे, कारण कुत्रा मोठा झुंजार. इतर टेरियरांपेक्षा त्याचे पाय लांब असतात, त्यामुळे ग्रेहाउंडशी किंवा त्याहून लहान अशा व्हिपेटशी त्याचा मेळ बरा बसतो. पिल्लांना अंगावर राठ केस येतात, ते काट्यांपासून आणि थंडी-पावसापासून वाचवतात. मात्र या जातीत यकृतात तांबे साठण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, म्हणून तिकडचे जाणते लोक जोडी लावण्यापूर्वी आईबापांची तपासणी करून घेतात. आपल्या बाजारात पिल्लू विकणारा हे सांगणार नाही. त्याला ते ठाऊक असेल असेही नाही.

या कुत्र्यामागे एक जुना जमीनदारी झगडाही आहे. तो आपल्या वाचकांना पटकन समजेल. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यालाच, किंवा तशाच वरच्या दर्जाच्या माणसाला शिकारीचा हक्क होता, आणि बाकीच्यांना ग्रेहाउंड पाळायचीही मनाई होती. १८३१ साली ती अट गेली, तरी जमीनदाराने करारात शिकारीचा हक्क स्वतःकडे राखला की कूळ मोकळेच. पीक कुळाचे, खाणारा ससा मालकाचा, आणि हात लावला तर गुन्हा! अखेर १८८० च्या कायद्याने जमीन कसणाऱ्याला आपल्या शेतातले ससे मारण्याचा कायमचा हक्क मिळाला, आणि तो करार करूनही काढून घेता येणार नाही असे ठरले. या साऱ्या काळात गरीब कुळांनी, खाणकामगारांनी आणि भटक्या लोकांनी जो कुत्रा पाळला तो उमद्या ग्रेहाउंडसारखा दिसणारा नको होता. केसाळ, गबाळा दिसावा, पण वेळ आली की पळावा, आणि मुकाट पळावा. गप्प राहणे हा गुण त्याच्यात पिढ्यानपिढ्या निवडून आणलेला आहे. आमच्या सभासदाच्या बाजेखाली झोपलेल्या त्या कुत्र्याचा दोष काय तो एवढाच!

तिकडेही आता दिवस बदलले. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि बहुतांश ससे मेले. पुढे हळूहळू त्यांची संख्या पुन्हा वाढली. २००४ साली झालेल्या आणि २००५ च्या फेब्रुवारीपासून अमलात आलेल्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी जनावरांची शिकार करण्यावर बंदी आली. जमीनमालकाच्या संमतीने उंदीर आणि बिळातले ससे मारणे तेवढे चालते.

आता निवडीचा मुद्दा. इथे उसाचाच दाखला घेऊ, म्हणजे बरेच समजावून सांगायचे वाचेल. पूर्वी आपल्या भागात पुंड्या ऊस होता. जाड, मऊ, गोड, पण नाजूक. उत्तर हिंदुस्थानच्या थंडीत आणि कोरड्या हवेत असला जाड ऊस टिकत नसे. कोईमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले, आणि बार्बर व वेंकटरामन यांनी जाड गोड उसाचा संकर गवतासारख्या रानटी उसाशी केला. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ साली शेतकऱ्यांना मिळाला. रानटी बाजूने चिवटपणा आला, फुटवा आला. पण जाडी आणि गोडी घटली. म्हणून पुढच्या वाणांसाठी संकरात पुन्हा गोड उसाचे रक्त घालीत गेले. आपण आज लावतो त्या को ८६०३२ च्या मागे असे अनेक पिढ्यांचे संकर आहेत.

लर्चर पैदास करणारे नेमके हेच करतात. निम्मा टेरियर-निम्मा ग्रेहाउंड केला की चिवटपणा येतो, पण वेग घटतो आणि टेरियरचा हट्टीपणा, भांडखोरपणा डोके वर काढतो. म्हणून कित्येक जण त्या संकराची जोडी पुन्हा ग्रेहाउंडशी लावतात. मग चार आण्यांत एक आणा टेरियर राहतो आणि बाकी वेग. कोणते प्रमाण चांगले यावर तिकडे जी भांडणे चालतात ती आपल्याकडच्या को ८६०३२ विरुद्ध फुले २६५ या भांडणापेक्षा कमी नाहीत.

पण ऊस आणि कुत्रा यांत एक मोठा फरक आहे, आणि सारी गोम तिथेच आहे. उसाची एक चांगली काठी सापडली की तिची टिपरी लावायची. एकराला जितकी टिपरी, तितकी तीच काठी. गुणात बदल नाही. कुत्र्याचे टिपरे लावता येत नाही! दर वेताला बियाणे नव्याने मिसळते. शुद्ध टेरियर आणि शुद्ध ग्रेहाउंड यांच्या पहिल्या संकराची पिल्ले एकमेकांशी बरीच मिळतीजुळती निघतात. पण दोन संकरित कुत्र्यांची जोडी लावली की एकाच वेतात एक पिल्लू ग्रेहाउंडसारखे लांबडे, एक टेरियरसारखे ठेंगणे, एकाला नाक आहे पण पाय नाहीत, एकाला पाय आहेत पण धीर नाही, असा सारा गोंधळ. तेव्हा बाजारात "बाप असा पळत होता" एवढ्यावर पिल्लू घेणे म्हणजे उसाच्या तुऱ्याचे बी पेरून शेजाऱ्यासारखा ऊस येईल म्हणून वाट पाहणे. जाणकार माणूस निदान आई डोळ्यांनी पाहतो, आणि तिला काम करताना पाहतो. आपल्याकडे 'इंग्लिश क्रॉस' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लाचे आईबाप कोणी दाखवले, असा एकही सभासद आम्हांला अजून भेटलेला नाही.

समजा, अगदी अस्सल संकर मिळाला. तरी उसाच्या रानात त्याचे काय होईल?

साडेचार फुटांच्या सरीतला दहा महिन्यांचा ऊस म्हणजे भिंत. तीन हातांपलीकडे माणसाला दिसत नाही, कुत्र्याला तर त्याहून कमी. जो कुत्रा डोळ्याने शिकार करतो तो इथे आंधळा. ऊस लोळलेला असेल तर पळायलाही वाट नाही. पाल्याची कड करवतीसारखी, हे तोडणी करणाऱ्या कोणालाही विचारा. आणि तोडलेल्या फडातली बुडखी म्हणजे खुंट्याच. ग्रेहाउंड रक्ताचे पातळ कातडे तिथे कापडासारखे फाटते. टाके घालायला भूल द्यावी लागली तर आणखी एक अडचण. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी कमी असल्याने काही जुन्या भुलीच्या औषधांतून तो लवकर शुद्धीवर येत नाही. म्हणून असा कुत्रा पशुवैद्यांकडे नेला तर त्याच्यात ग्रेहाउंडचे रक्त आहे हे आधी सांगावे.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, बागायती उसाच्या वस्तीला हा संकर घेऊ नये. ज्यांचे रान माळाचे, कोरडवाहू, नजर पोचेल असे आहे, त्यांना वेगवान कुत्र्याची हौस असेल तर आपल्याकडचे कारवानी कुत्रे आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पैदास जोपासली, म्हणून त्याला मुधोळ असेही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले, आणि पुढे लष्करानेही ती पिल्ले चाचणीसाठी नेली. ऊन सोसणारा हा कुत्रा. त्यात ग्रेहाउंड मिसळून शर्यतीसाठी विकण्याचे प्रकार होतात, त्याने आपलेच वाण बिघडते. पण एक सांगून ठेवतो : कारवानी काय किंवा लर्चर काय, त्यांच्याकरवी ससा, कोल्हा, घोरपड, रानडुक्कर यांची शिकार करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. "आम्ही नाही मारला, कुत्र्यानं मारला" हे न्यायालयात चालत नाही. डुकरांनी फड उद्ध्वस्त केला असेल तर पंचनामा आणि नुकसानभरपाई यांसाठी वनखात्याकडे वेळेत अर्ज करावा. कुत्रा अंगावर सोडण्यात धोका कुत्र्यालाच जास्त. मोठे डुक्कर सुळ्याने पोट फाडते.

मग आपले काम कोणते? उसाच्या वस्तीवर कुत्र्याची कामे दोन. एक, रात्री परके माणूस किंवा जनावर आले की भुंकून घर उठवणे. दुसरे, गोठा, कडब्याची गंज आणि बांध इथल्या उंदीर-घुशींना स्वस्थ बसू न देणे. पहिल्या कामाला आपल्या गावठी कुत्र्याइतके चांगले कुत्रे आम्ही पाहिले नाही. कान तिखट, झोप हलकी, भाकरी-ताकावर राहणारे, उन्हाला न भिणारे. शेकडो पिढ्या इथल्याच हवेने निवडलेले हे वाण आहे, पण फुकट मिळते म्हणून त्याची किंमत नाही. दुसऱ्या कामाला टेरियरचे गुण खरोखर उपयोगाचे, यात शंका नाही. पण उंदरामागे माती उकरणारी गावठी कुत्रीही वस्तीवस्तीवर सापडते. तशी कुत्री कुठे असेल तर तिचे पिल्लू सांगून ठेवावे. ते आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. उचलायला गेल्यावर कोपऱ्यात दबणारे नको, आणि चावायला धावणारेही नको. शेपूट हलवीत जवळ येऊन बोट हुंगणारे घ्यावे. घरच्या मुलांशी आणि गोठ्यातल्या जनावरांशी पहिल्या दोन महिन्यांतच त्याची ओळख करून द्यावी.

उंदरांवरून आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांला या लेखात सर्वांत महत्त्वाची वाटते. बांधावर औषध टाकणार असाल तर त्या दिवसांत कुत्रे बांधून ठेवा. झिंक फॉस्फाइडचे आमिष कुत्र्याने खाल्ले तर त्यावर उतारा नाही. ब्रोमाडिओलोन हळू मारते. आमिष खाऊन सुस्त झालेले उंदीर कुत्र्याला सहज सापडतात, आणि असे उंदीर त्याने वारंवार खाल्ले की तीन-चार दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागते. तोवर मालकाला वाटते कुत्रे नुसते मलूल आहे. त्यावर 'के-१' जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो वेळेत सुरू झाला तर, आणि आमिष कोणते टाकले होते ते पशुवैद्यांना सांगितले तर. औषधाचे पाकीट म्हणून फेकू नका. मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरा. म्हणजे उंदीर मारणारा कुत्रा आणि उंदीर मारणारे औषध ही दोन्ही एकाच वेळी एकाच बांधावर चालत नाहीत. यातले काय करायचे ते आधी ठरवावे लागते. बिळे बुजवणे, बांध तासून बारीक करणे, गवत वाढू न देणे, ही कामे मात्र दोन्हींबरोबर चालतात, आणि त्यांचा खर्चही अंगमेहनतीपुरताच.

उंदीर नुसता ऊस कुरतडतो असे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या इंगहॅम भागात १९३३-३४ साली ऊसतोड कामगारांत तापाची साथ आली. अंग पिवळे पडे, मूत्रपिंडे निकामी होत, माणसे दगावली. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून, हातापायांच्या कापलेल्या जखमांवाटे हा रोग शिरत होता. त्यालाच आपण लेप्टो म्हणतो. तोडणीपूर्वी ऊस पेटवून द्यावा म्हणजे उंदीर पळतील, या मागणीसाठी तिथल्या कामगारांनी १९३५ साली संप केला. (आपण मात्र पाचट पेटवू नये, हे आम्ही याच पानांतून किती वेळा सांगितले याची मोजदाद सोडली आहे.) हा रोग कुत्र्यालाही होतो, आणि त्याच्या लघवीतून पुन्हा माणसाला. म्हणून उंदरांवर सोडायच्या कुत्र्याला लेप्टोचा समावेश असलेली मिश्र लस टोचून घ्यावी, आणि पायाला जखम असताना अनवाणी पाटात उतरू नये.

बिबट्याबद्दल लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. अकोले खोऱ्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाद्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. ऊस हे बिबट्याचे लपण, आणि कुत्रा त्याचे रोजचे जेवण. रात्री अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला दिलेले आवतण. बिचाऱ्याला पळताही येत नाही. रात्री ते जाळीच्या बंदिस्त खोपटात, वरूनही जाळी असलेल्या, घराला लागून ठेवावे. तिथून ते भुंकू शकते, आणि आपले काम तेवढेच आहे. बिबट्या आल्यावर कुत्र्याचा आवाज एकदम बदलतो किंवा ते मुकाट आत दडते, हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको. अशा वेळी बॅटरी घेऊन एकट्याने बाहेर पडू नये.

लशीबाबत आम्ही दरवर्षी लिहितो, तरी लिहितो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग पशुवैद्य सांगतील तशी पुढची मात्रा, आणि नंतर दरवर्षी. कुत्रे आपले असो की ओळखीचे, चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते आवर्जून विचारावे. ठरलेल्या तारखांची एकही सुई चुकवू नये. रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. आपल्या फडांवर येणाऱ्या टोळ्यांची लहान मुले दिवसभर कोपीवर एकटी असतात आणि वस्तीवरच्या कुत्र्यांशी खेळतात. चावले तरी आईबाप फडात, सांगणार कोणाला? मुकादमांना आणि सभासदांना आमची कळकळीची विनंती की मूल चावल्याचे कळताच तोडणी चालू असली तरी त्याला आधी दवाखान्यात पाठवावे. एक खेप उशिरा भरली तर कारखान्याचे काही बिघडत नाही.

त्या ओढ्याकाठच्या सभासदांची गाठ परवा पडली. त्यांच्या कुत्र्याची जखम भरली आहे. त्यांनी त्याला उसाकडे सोडायचे बंद केले आहे, आणि राखणीला शेजारच्या वस्तीवरून एक गावठी कुत्री आणली आहे. ती पाचोळा हलला तरी भुंकते. घरच्यांची झोप उडाली म्हणून आता तीही तक्रार. "साहेब, या दोघांची जोडी लावली तर? तिचं भुंकणं, त्याचं पळणं, पिल्लात दोन्ही येईल." आम्ही त्यांना वर लिहिलेले उसाच्या तुऱ्याचे उदाहरण पुन्हा ऐकवले. वेतात सहा-सात पिल्ले होतात. त्यांतले एखादे मनासारखे निघेलही. बाकीची कोणाकडे जाणार? शेवटी ती पोत्यात घालून कारखान्याच्या गेटवर सोडली जातात आणि गव्हाणीपुढे गाड्यांच्या रांगेत बैलांच्या पायांत येतात. आमच्या यार्डात आज जी कुत्री आहेत त्यांतली निम्मी अशीच आलेली. त्यांनी थोडा विचार केला आणि कुत्रीचे ऑपरेशन कुठे होते, किती दिवस ठेवावे लागते, असे विचारले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करून उपाशीपोटी न्या, असे सांगून आम्ही त्यांना लशीचे कार्डही बरोबर घ्यायला सांगितले.